पेठेचा खेळ आणि पेढीचा खेळ

राज्यांचा इतिहास लिहिला जातो, ग्रंथकारांचा लिहिला जातो, गिरण्या आणि बँका ह्यांचाही अलीकडे लिहिला जाऊ लागला आहे. परंतु ज्या संस्थांनी सामान्य माणसाच्या संध्याकाळी पिढ्यान्‌पिढ्या भारून टाकल्या, त्या खेळांच्या मंडळांकडे इतिहासकाराची दृष्टी क्वचितच वळते. कोणी कोणास किती गोलांनी हरविले ही काही इतिहासाची सामग्री नव्हे, असा एक समज आहे. आणि जयापजयांच्या नुसत्या जंत्रीपुरता तो खराही आहे. पण एखादे मंडळ कोणाच्या आधाराने जन्मास आले, तो आधार सुटल्यावर ते बुडाले की तगले, आणि तगले तर कशाच्या बळावर, असे प्रश्न विचारू लागताच खेळाचा इतिहास हा समाजाचाच इतिहास होऊन बसतो. प्रस्तुत लेखात हे प्रश्न कोल्हापूरच्या फुटबॉलविषयी विचारावयाचे आहेत, आणि त्यांच्या उत्तरांत आम्हा महाड-पोलादपूरकडील लोकांस काही घेण्यासारखे आहे काय, हे शेवटी पाहावयाचे आहे.

फुटबॉलचे आजचे नियम १८६३ साली लंडन येथे स्थापन झालेल्या फुटबॉल असोसिएशनने प्रथम बांधून दिले. त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आत हा खेळ गोऱ्या पलटणींबरोबर हिंदुस्थानात रुजला होता. सिमल्यास १८८८ साली ड्युरँड चषकाचे सामने सुरू झाले आणि मुंबईस १८९१ साली रोव्हर्स चषकाचे. ह्या दोन्ही स्पर्धांचा आरंभीचा रंग सर्वस्वी लष्करी होता. देशी माणूस मैदानाच्या कडेस उभा राहून पाहत असे. आत उतरून जिंकण्याचा प्रसंग त्यास फार उशिरा आला. १९११ साली कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीस दोन विरुद्ध एक गोलांनी हरवून आय.एफ.ए. ढाल मिळविली. त्या संघातील बहुतेक गडी अनवाणी खेळले होते, ही गोष्ट बंगालने पुढे कधी विसरू दिली नाही. मुंबईच्या रोव्हर्स चषकावर देशी संघाचे नाव कोरले जाण्यास मात्र १९३७ साल उजाडावे लागले. तो मान बंगलोर मुस्लिम्स ह्या संघाचा. म्हणजे ज्या काळात कोल्हापुरात हा खेळ जोम धरू लागला, त्या काळात फुटबॉल हा साहेबाचा खेळ साहेबावरच उलटविण्याचे साधन म्हणून देशभर ओळखला जात होता.

परंतु कोल्हापुरात ह्या खेळाला जे रूप मिळाले, ते कलकत्त्याहून व मुंबईहून निराळे होते. कलकत्त्यास सुशिक्षितांनी क्लब काढले. मुंबईस पलटणी होत्या, पुढे कचेऱ्या व कारखाने आले. कोल्हापुरात फुटबॉल शिरला तो तालमीत. तालीम म्हणजे काय, हे महाराष्ट्रीय वाचकास सांगावयास नको. तथापि कोल्हापूरची तालीम ही केवळ कुस्तीची माती नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. शाहू महाराजांनी १८९४ साली राज्यसूत्रे हाती घेतल्यापासून मल्लविद्येस जो आश्रय दिला, त्याने करवीर ही कुस्तीची पंढरी झाली. युरोपच्या प्रवासात रोम येथील प्राचीन प्रेक्षागार पाहून आलेल्या ह्या राजाने बांधविलेले खासबाग मैदान १९१२ साली खुले झाले. पण मोठ्या मैदानाच्या मागे पेठापेठांतून पसरलेल्या लहान तालमींचे जाळे होते. पेठेतील पोराने पहाटे तेथे जोर काढावे, वडील माणसांनी संध्याकाळी कट्ट्यावर बसावे, गणपती तेथेच बसावा आणि मोहरमचे पंजेही अनेक तालमींत बसावेत, भांडण झाले तर निवाडाही तेथेच व्हावा, अशी ही संस्था. तिला सभासद करून घ्यावे लागत नसत. पेठेत जो जन्मला तो तिचाच होता.

अशा संस्थेच्या हाती चेंडू पडला. कुस्तीत एक जण लढतो व पेठ पाहते. फुटबॉलमध्ये अकरा जण लढतात, आणि ते अकराही आपल्याच गल्लीतील, हाक मारल्यास ओ देणारे असतात. पेठेच्या अभिमानास ह्याहून सोईचा खेळ मिळणे कठीण होते. कोल्हापूरच्या संघांची नावे वाचली तरी त्यांचे मूळ कळून येते: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ. एकात वाहत्या पाटाची खूण आहे, एकात देवाचे नाव आहे, एकात मुलांचा मेळा आहे. ‘प्रॅक्टिस क्लब’ असे इंग्रजी नाव धारण करणारा जुना संघही ह्या मालिकेत आहे. पण तोही अखेर कोल्हापूरच्या पेठांतच मुरला. जगातील नामांकित संघांच्या नावांत शहरे असतात. कोल्हापूरच्या संघांच्या नावांत शहर नाहीच, कारण शहर हे सर्वांचे समाईक आहे आणि झुंज आहे ती शहराच्या आतली. शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ ह्या पाच शब्दांत कोल्हापूरच्या फुटबॉलचे अर्धे मानसशास्त्र सामावले आहे.

राजाश्रय होताच. शाहू महाराजांमागून १९२२ साली गादीवर आलेल्या राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत, १९४० साली, कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन स्थापन झाली आणि विखुरलेल्या मंडळांना एक मध्यवर्ती शिस्त मिळाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यात महाराज निवर्तले. पुढे नऊ वर्षांच्या आत, १ मार्च १९४९ रोजी, कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. इतिहासाच्या दृष्टीने ही तारीख फार महत्त्वाची आहे. हिंदुस्थानातील संस्थानांत कलावंतांचे दरबार, गवयांची घराणी, मल्लांचे आखाडे, क्रिकेटचे संघ असे कितीतरी वैभव राजाच्या खासगीतून पोसले जात होते. खासगी आटताच त्यांतील पुष्कळांचे पाणी आटले. कोल्हापूरच्या फुटबॉलचे तसे झाले नाही. संस्थान गेले, पण छत्रपती शाहू स्टेडियमवरील सामन्यांस लोटणारी गर्दी गेली नाही. ह्याचे कारण उघड आहे. राजाने खेळाला छत्र दिले होते, मूळ दिले नव्हते. मूळ पेठेत होते. छत्र मोडल्यावर झाड उन्हात उभे राहिले, इतकेच.

आता ह्याच्या उलट बाजूचा इतिहास पाहू. स्वातंत्र्यानंतरच्या काळात पश्चिम हिंदुस्थानातील नामांकित फुटबॉल मोठ्या प्रमाणावर व्यापारी पेढ्यांच्या आश्रयास गेला. मुंबईच्या कॅल्टेक्स ह्या तेलकंपनीच्या संघाने १९५८ साली रोव्हर्स चषक जिंकला. महिंद्र कंपनीचा संघ १९६२ साली उभा राहिला. तो वाढत वाढत २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय लीगचा विजेता झाला. पंजाबात फगवाडा येथील जे.सी.टी. गिरणीच्या संघाने तर राष्ट्रीय लीगचे पहिलेच अजिंक्यपद, १९९६-९७ साली, पटकाविले. हे संघ दुबळे नव्हते, त्यांचे व्यवस्थापन गबाळे नव्हते आणि त्यांच्या खेळाडूंत देशातील उत्तमोत्तम गडी होते. तथापि आज ते कोठे आहेत? महिंद्रांचा संघ २०१० साली विसर्जित झाला, जे.सी.टी.चा २०११ साली. राष्ट्रीय विजेतेपद मिळविल्यानंतर अवघ्या चार वर्षांत एक संघ एका निर्णयासरशी नाहीसा व्हावा, ह्यावर विचार करण्यासारखे आहे. मुंबईच्या कूपरेज मैदानाचे भूषण असलेली रोव्हर्स चषकाची स्पर्धाच २०००-०१ च्या हंगामानंतर बंद पडली. एकशे दहा वर्षांची परंपरा कोणी मोडली नाही. तिला कोणी वाली उरला नाही.

येथे पेढ्यांस दोष देण्याचा हेतू मुळीच नाही. पेढीने संघ काढला तो तिच्या मर्जीने. तिने तो बंद केला तोही तिच्या मर्जीने. जो खर्च करतो त्याने हिशेब पाहावा, ह्यात अन्याय काय? शिवाय पेढीने एक अशी गोष्ट केली की जी कोणत्याही पेठेस करता आली नाही. तिने खेळाडूस नोकरी दिली. चेंडूने पोट भरत नाही, हे सत्य घरोघरच्या वडिलांनी मुलांना ऐकविलेले आहे. पेढीने त्या वडिलांस उत्तर दिले. एखादा होतकरू तरुण सकाळी कचेरीत सही करून दुपारी मैदानावर जाऊ शकला आणि तिसाव्या-पस्तिसाव्या वर्षी पाय थकल्यावर त्याची खुर्ची शाबूत राहिली, हे उपकार थोडे नव्हेत. कोल्हापूरने हे दिले नाही. म्हणूनच कोल्हापूरच्या कोणत्याही तालमीच्या नावावर राष्ट्रीय लीगचे अजिंक्यपद नाही, आणि तेथील गुणी मुलास मोठे होण्यासाठी पेठ सोडून परगावची वाट धरावी लागते. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भारतात भरली, तीत भारतातर्फे खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा. परंतु त्याची घडण पेठेच्या बाहेर पूर्ण व्हावयाची होती. पेठ टिकविते, पण पोसत नाही. पेढी पोसते, पण टिकवीत नाही. असा हा पेच आहे.

हा पेच केवळ आपलाच आहे असेही नाही. व्हिएतनाम देशाच्या उत्तरेस नाम दिन्ह नावाचे एक प्रांतिक शहर आहे. तेथील संघाने १९८५ साली राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षे त्यास ते पुन्हा लाभले नाही. अखेर २०२३-२४ व त्यापाठोपाठ २०२४-२५ अशा दोन हंगामांत तो विजेता झाला. मात्र आता त्याच्या नावामागे आश्रयदात्याचे बिरुद लागलेले आहे, आणि त्याचा अर्थ ‘हिरवे पोलाद’ असा होतो. आमच्या पोलादपूरच्या वाचकांस ह्या योगायोगाचे कौतुक वाटेल. परंतु त्यातील बोध गमतीपुरता नाही. मधल्या चार दशकांत त्या देशाची अर्थव्यवस्था पालटली, सरकारी आश्रय जाऊन खासगी भांडवल आले. नावामागील बिरुदे बदलता येतात, ‘नाम दिन्ह’ हे नाव बदलता येत नाही. बिरुद उद्या गेले तरी त्या शहराच्या लोकांस आपला संघ कोणता हे विचारावे लागणार नाही. पेढीचे द्रव्य आणि पेठेचे नाव ह्यांचा संसार अशक्य नाही, इतके ह्या दूरच्या उदाहरणावरून खास म्हणता येते.

आता आमच्या खोऱ्याकडे वळू. सावित्रीच्या काठी फुटबॉल कधी फोफावला नाही. येथे राज्य आहे कबड्डीचे. ह्याला रुचीपेक्षा भूगोल अधिक कारण आहे. आंतरराष्ट्रीय सामन्याचे फुटबॉलचे मैदान साधारणपणे १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद, म्हणजे ७१४० चौरस मीटर असते. पुरुषांच्या कबड्डीचे अंगण १३ मीटर बाय १० मीटर, म्हणजे अवघे १३० चौरस मीटर. एका फुटबॉलच्या मैदानात कबड्डीची पंचावन्न-एक अंगणे मावतील! पोलादपूर तालुक्यात, जेथे डोंगरउतार संपतो तेथेच भातखाचर सुरू होते आणि बांधावरून चालतानाही पाय जपून टाकावा लागतो, तेथे सात हजार चौरस मीटर सपाट भूमी पोरांच्या खेळासाठी मोकळी कोण ठेवणार? भात कापून झाल्यावर एखाद्या खाचरातील ढेकळे फोडून, माती चोपून, पाणी मारून चार दिवसांत कबड्डीचे अंगण होते. चेंडू नको, बूट नकोत, गोलाचे खांब नकोत. सात गडी आणि एक दम, एवढे भांडवल पुरते. ह्या खेळास नियमबद्ध करण्याचे कार्य महाराष्ट्रानेच केले. १९२३ साली बडोद्यास त्याचे अखिल भारतीय सामने भरले, १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला जाऊन तो जगास दाखविला, आणि १९९० साली बीजिंग येथील आशियाई स्पर्धांत त्यास मानाचे स्थान मिळाले.

खेळ निराळा असला तरी संस्थेची ठेवण तीच आहे. कोल्हापुरात जी पेठ, ती आमच्याकडे वाडी. वाडीचे मंडळ हेच कबड्डीचे मंडळ, तेच गणपतीचे, तेच पालखीचे, आणि अडीअडचणीस धावणारेही तेच. फरक एवढाच की आमच्या वाडीचा अर्धा जीव मुंबईत असतो. गिरण्यांच्या काळापासून घरटी एक माणूस तेथे; गावच्या नावाने घेतलेल्या खोल्यांतून वीस-वीस जणांनी पाळीपाळीने झोपावे आणि वर्गणी मात्र वेळेवर गावी पाठवावी, असा रिवाज होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या ढासळल्या आणि त्या वर्गणीचा पाया खचला. तरीही मंडळे बुडाली नाहीत. होळीस व गणपतीस चाकरमानी परततो तेव्हा त्याच्या खिशात कमी असले तरी तोंडात गावच्या संघाचीच चौकशी असते. कोल्हापूरने १९४९ साली राजा गमावून जे अनुभवले, ते आमच्या वाड्यांनी गिरणी गमावून अनुभवले आहे.

तथापि येथे स्वतःची पाठ थोपटून थांबणे बरे नव्हे. पेठेच्या अभिमानास दुसरे अंग आहे, आणि ते झाकून लिहिलेला इतिहास प्रामाणिक होणार नाही. कोल्हापुरात प्रेक्षकांच्या हुल्लडीपायी सामने थांबवावे लागल्याचे प्रसंग आलेले आहेत; ज्या निष्ठेने मंडळ जगते तीच निष्ठा दगड हाती घेते. त्याहून खोल प्रश्न असा की, पेठ म्हणजे नेमके कोण? गाव म्हणजे नेमके कोण? तालीम ही पुरुषांचीच संस्था राहिली. त्या पेठेतील निम्मी माणसे, म्हणजे स्त्रिया, तिच्या उंबऱ्याबाहेर राहिल्या. आणि जातीचा उंबरठा तर ह्याहून उंच होता. पी. बाळू ह्यांच्यासारख्या गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, पण अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्म झाल्यामुळे हिंदूंच्या संघाचे नेतृत्व त्यांच्या वाट्यास आले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल ह्यांस मिळाले. संघ ‘आपला’ म्हणताना त्या शब्दात कोण कोण येतो, हे ठरविण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता त्यांनी तो असा वापरला.

ह्या बाबतीत महाडास कोणी बाहेरून धडा देण्याचे कारण नाही. तो धडा महाडानेच देशास दिला आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहस्रावधी अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी तेथील पाणी प्राशन केले, तेव्हा प्रश्न केवळ ओंजळभर पाण्याचा नव्हता. जे गावाचे म्हणून म्हटले जाते ते गावातील प्रत्येकाचे आहे की नाही, हा तो प्रश्न होता. आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय १९३७ साली येईपर्यंत तो न्यायासनापुढे लोंबकळत होता. जो न्याय तळ्यास तोच अंगणास. वाडीच्या मंडळात शेजारच्या वाडीच्या मुलास जागा आहे काय, मुलींच्या संघासाठी तेच अंगण तितकेच तास मोकळे होते काय, गावात नव्याने राहावयास आलेल्या कामगाराचा मुलगा ‘आपला’ ठरतो काय, ह्या प्रश्नांना जे मंडळ होय म्हणू शकेल त्यासच ‘गावाचे’ हे विशेषण शोभेल.

हे सारे आज लिहिण्याचे प्रयोजन आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने उभे राहून काही दशके लोटली आहेत. वाड्यांतील तरुण आता पूर्वीसारखे केवळ मुंबईच्या आशेवर नसतात, आणि सदऱ्यांचा, चषकांचा, मांडवाचा खर्च उचलणारे दाते आता जवळच भेटतात. निवडणुकांच्या दिवसांत तर ते न मागता भेटतात. दान नाकारावे, असा सोवळा उपदेश कोणी करू नये. कोल्हापूरच्या इतिहासाने पोसणाराची गरज पुरती सिद्ध केली आहे. पण दान घेताना मंडळाने तीन गोष्टी हातच्या सोडू नयेत. पहिली, नाव: दात्याचे नाव सदऱ्यावर असावे, मंडळावर नसावे. दुसरी, हिशेब: वर्गणी दहा रुपयांची का होईना, ती घरटी घेतली जावी, कारण वर्गणी देणारा प्रश्न विचारतो, आणि प्रश्न विचारणारा असेपर्यंत मंडळ मरत नाही. तिसरी, दप्तर. आमच्या मंडळांचा इतिहास म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे, कागदावर नाही. आणि जेथे कागद होता तेथे तो टिकेलच असा भरवसा नाही. जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहरात घरेच्या घरे पाण्याखाली गेली; तेथे वह्या आणि छायाचित्रे ह्यांची काय कथा! त्याच दिवसांत तळिये गावावर दरड कोसळली आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसे नेली. ज्या खोऱ्यात घरांचीच शाश्वती नाही, त्या खोऱ्याने आपल्या संस्थांच्या आठवणी तरी दोन ठिकाणी लिहून ठेवाव्यात: एक प्रत गावी, एक मुंबईस.

कोल्हापूरच्या तालमींनी राजा गेलेला पाहिला. त्यांना न सापडलेली वाट, म्हणजे खेळाडूचे पोट आणि पेठेचे प्रेम ह्यांची सांगड, शोधणे हे त्यांच्यापुढील काम आहे, आणि आमच्यापुढीलही. संघ कोणाच्या पैशावर चालतो, हा प्रश्न दर हंगामास नव्याने विचारावा लागतो व त्याचे उत्तर दर हंगामास बदलले तरी चालते. संघ कोणाचा, ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र एकदाच द्यावयाचे असते, आणि ते देताना वाडीतील एकही घर गाळून चालत नाही.